माईंचं फुलपात्र: गिळण्याच्या त्रासावर विद्युत-उत्तेजन, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागात एका मराठी न्यासाचं वृद्धसेवा केंद्र आहे. ३४ जण तिथे कायमचे राहतात. त्यातल्या नऊ जणांना जेवताना कुणीतरी शेजारी लागतं. दिवसपाळीला चार सेविका असतात, रात्री दोन. स्वयंपाकघर महाराजांच्या हाती. सकाळी नाश्त्याला पोहे, आणि इंदूर असल्यामुळे वर शेव आणि जीरावणाचा मसाला आलाच.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आमचं काम बोलण्याइतकंच गिळण्याशीही असतं, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. त्या काळात मी केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जात असे. ओळख पटू नये म्हणून इथे नावं, वयं आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता केंद्रातले दोघे न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाले. दोघांच्याही कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की अन्न-पाणी श्वासनळीत उतरून संसर्ग झाला. त्यातले एक आजोबा परत आले नाहीत. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा केंद्रात आला तो एक खोकं घेऊन. आत गिळण्याच्या स्नायूंना विजेचं उत्तेजन देणारं यंत्र होतं. वडिलांना जे मिळालं नाही ते इतरांना मिळावं, एवढंच तो म्हणाला आणि पावतीसुद्धा न घेता गेला.

हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या खोक्याच्या सावलीत झाला. एका मुलाच्या दुःखातून आलेली वस्तू कपाटात ठेवून द्यायला कुणाचाच हात धजत नव्हता, माझाही नाही.

अडचण

व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, मशीन आलंय. जेवताना ठसका लागणारे पाच जण आहेत. सोमवारपासून सगळ्यांना लावू या. तुम्ही एकदा दाखवून द्या, मग आमच्या मुली रोज लावतील."

त्यांची तळमळ खरी होती. पण या वाक्यात तीन गृहीतकं होती आणि तिन्ही तपासावी लागणार होती. ठसका लागणाऱ्या पाचही जणांचा आजार एकच आहे, ठसका न लागणारे सुरक्षित आहेत, आणि पॅच चिकटवून बटण दाबलं की उपचार झाला.

आधी यंत्राबद्दल. आपण घोट गिळतो तेव्हा हनुवटीखालचं घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड, हायॉइड, वर आणि पुढे ओढलं जातं. त्याच्याबरोबर स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनळीवर झाकण येतं आणि अन्ननळीचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा प्रकार साधारण एका सेकंदात उरकतो. पक्षाघातानंतर ही ओढ कमी पडते किंवा उशिरा येते, आणि तेवढ्या उशिरात पाणी खाली निसटतं. यंत्र त्वचेवरच्या पॅचमधून छोटे विद्युत-स्पंद सोडून या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं. आमच्या यंत्राचा वेग सेकंदाला ८० स्पंद असा ठरलेला होता आणि प्रवाह २५ मिलीअँपिअरपर्यंत वाढवता येत होता. या जातीच्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये विक्रीची मुभा दिली. तेव्हापासून ते जगभर वापरलं जातंय आणि त्यावरचा वादही तेव्हापासून चालू आहे.

वादाचं मूळ शरीररचनेत आहे. हायॉइडला वर खेचणारे स्नायू हनुवटीखाली असतात आणि खाली खेचणारे गळ्याच्या पुढच्या बाजूला, अगदी कातडीलगत. गळ्यावर पॅच लावले तर वीज आधी या खाली खेचणाऱ्यांना मिळते. २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासांत क्ष-किरणांखाली पाहिलं, तर स्वस्थ बसलेल्या माणसाला असं उत्तेजन दिल्यावर हायॉइड चक्क खाली गेलेलं दिसलं. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की तो विरोध म्हणजेच व्यायाम, वजन उचलावं तसा. ताकद असलेल्या माणसाबाबत ते मान्य होईल. ४२ किलोच्या, घोटाघोटाला दमणाऱ्या बाईवर मी ते वजन टाकणार नव्हते.

पाच जण

सोमवारी यंत्र लावायला मी नकार दिला आणि दोन आठवडे मागून घेतले. त्या दोन आठवड्यांत पाचही जणांच्या तिन्ही वेळच्या जेवणाला शेजारी बसले.

नाना, वय ८१. छातीत पेसमेकर. उत्पादकांच्या सूचना, हृदयरोगतज्ज्ञांचं मत, दोन्हींनी विषय तिथेच संपवला. त्यांचा खरा त्रास वरच्या कवळीचा होता. वजन उतरल्यामुळे ती सैल झाली होती, घास चावला न जाताच मागे जायचा. दंतवैद्याने कवळी आतून भरून बसवली आणि ठसका जवळजवळ थांबला.

भाऊंना फक्त सकाळीच ठसका लागायचा. रात्री दहाला दिलेल्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी आठला उतरलेला नसायचा आणि अर्धवट डोळे मिटलेल्या माणसाला पोहे भरवले जात होते. डॉक्टरांनी गोळी कमी केली, आम्ही नाश्ता साडेनऊला नेला.

अप्पांना आठ वर्षांपासून पार्किन्सन. एका जेवणाला ५० मिनिटं. इथे मला यंत्राचा मोह झाला, हे कबूल करते. पण पार्किन्सनच्या रुग्णांत नेहमीचे व्यायाम आणि नेहमीचे व्यायाम अधिक विद्युत-उत्तेजन अशी तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली होती. सगळेच गट थोडे सुधारले, विजेमुळे वेगळा फायदा दिसला नाही. कोणता उपचार कधी वापरावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शनात पक्षाघातानंतरच्या त्रासासाठी फायद्याची शक्यता मानली, पुरावा मात्र तोकडा असल्याचं सांगितलं. इतर कारणांसाठी हा उपचार संशोधनापुरताच ठेवावा असं म्हटलं. अप्पांच्या बाबतीत आम्ही वेळापत्रकाला हात घातला. पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी जेवणासोबत दिली जात होती. ती आधी देऊन, तिचा असर चढल्यावर ताट वाढायला लागलो. तोंड कोरडं पाडणाऱ्या दुसऱ्या एका गोळीबद्दल डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. जेवण ३५ मिनिटांवर आलं.

उरल्या दोघी, काकू आणि माई.

काकू: यंत्र न लावण्याचा निर्णय

काकूंचा अल्झायमर शेवटच्या टप्प्यात होता. घास तोंडात घेऊन त्या विसरायच्या. गालात भात तासभर तसाच. मुलाने पुण्याहून फोनवर दोनच प्रश्न विचारले: "ते मशीन लावता येईल का? नाहीतर नाकातून नळी घालायची का?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. काकूंना "आता गिळा" सांगून उपयोग नव्हता, आणि पॅचखाली भाजल्यासारखं होतंय हे त्यांना सांगता आलं नसतं. ज्याला "थांबवा" म्हणता येत नाही अशा माणसाच्या गळ्याशी वीज लावायची नाही, हा माझा नियम आहे.

नळीचा प्रश्न अवघड होता, कारण नळी म्हणजे काळजी आणि नळी नाही म्हणजे उपाशी ठेवणं, असं घरच्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीऐवजी हाताने, जपून भरवावं. नळीने न्यूमोनिया टळत नाही. लाळ तर खाली जातच राहते. शिवाय नळी उपसू नये म्हणून हात बांधले जातात. मी मुलाला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तीन फोन झाले. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "हाताने भरवलं तर कमी जाईल ना पोटात?" मी म्हटलं, "हो, कमी जाईल. आणि हळूहळू आणखी कमी होत जाईल." बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "हात बांधू नका."

काकूंना एक युक्ती लागू पडली. घास गालात अडकला की रिकामा चमचा ओठाला टेकवायचा. दुसरा घास आला असं वाटून त्या पहिला गिळायच्या. मधे मधे थंड रबडीचा अर्धा चमचा. थंड आणि गोड चवीने गिळणं जागं व्हायचं. एक सेविका हे इतकं सुंदर करायची की मी फक्त बघत बसायचे.

माई: लावण्याचा निर्णय

माई ७४ वर्षांच्या, शाळेतून निवृत्त. पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. उजवा हात कमजोर, समजतं सगळं, बोलताना शब्द सापडत नाहीत. वजन ४७ वरून ४३ किलोवर. चहा-पाण्याला ठसका आणि त्यानंतर आवाज ओला, घशात पाणी खुळखुळावं तसा.

विद्युत-उत्तेजनासाठी पाचांत त्याच योग्य दिसत होत्या. कारण पक्षाघाताचं, आकलन शाबूत, फिट येण्याचा इतिहास नाही, पेसमेकर नाही. तरी आधी आत काय चाललंय ते बघायचं ठरवलं. व्यवस्थापकांना हा खर्च आणि ओढाताण अनावश्यक वाटली. "ठसका दिसतोय की!" पण ठसका म्हणजे शरीर जागं असल्याची खूण आहे, पक्षाघातानंतर कित्येकांच्या श्वासनळीत पाणी जातं आणि ठसका येतच नाही. बिछान्याशी बसून हे कळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून, निळा रंग घातलेलं पाणी, दही आणि मऊ भात असं एकेक देऊन पाहिलं. दही व्यवस्थित गेलं. पाण्याचा ५ मिलीचा घोट स्वरतंतूंच्या खाली उतरला, माई खोकल्या, पण तो बाहेर निघाला नाही. १९९६ पासून वापरात असलेल्या आठ पायऱ्यांच्या मापनात ही सातवी पायरी. आठवी म्हणजे खोकलासुद्धा नाही.

संमती कशी घ्यायची, यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सही मुलीने केली, पण शरीर माईंचं होतं. मी पॅच आधी माझ्या हनुवटीखाली लावून दाखवले, प्रवाह वाढवला, माझ्या हनुवटीखालची थरथर त्यांना बोटाने जाणवू दिली. डावा हात वर म्हणजे लगेच बंद, हे ठरलं. तीन वेळा खोटं-खोटं करून पाहिलं. मग त्यांनी मान हलवली.

सेविकांनी यंत्र चालवायला मी नाही म्हटलं. त्यावर नाराजी झाली. शेवटी ठरलं की आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे, दरवेळी ३० मिनिटं, आणि मीच येणार. पॅच फक्त हनुवटीखाली. मानेच्या बाजूला अजिबात नाही, तिथे रक्तदाबाचं नियंत्रण करणारी संवेदनशील जागा असते.

पहिल्या दिवशी ७ मिलीअँपिअरला मी विचारलं, "मुंग्या येताहेत का?" माई थोडा वेळ शब्द शोधत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुंगळे." पाच महिन्यांत इतका नेमका शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ११ च्या आसपास ओढ जाणवली. त्या ओढीवर जोर लावून गिळायचं, दर वेळी अर्धा चमचा घट्ट दही. अर्ध्या तासात साधारण तीसेक घोट. खरं काम ते घोट होते. नुसते पॅच लावून माणूस टीव्ही बघत बसला तर त्याला मी उपचार म्हणणार नाही.

पोहे, वरण-भात आणि वरून पाणी

यंत्राच्या बरोबरीने ताटाकडेही बघावं लागलं, आणि इथे माझी पहिली चूक झाली.

पहिल्या आठवड्यातच मी पाचही जणांच्या आहार-नोंदीच्या पानावर लिहिलं: "पोहे बंद." कारण बरोबर होतं. कोरडे सुटे दाणे, कुरकुरीत शेव, कच्चा कांदा, वर जीरावणाची भुकटी. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला इतका अवघड नाश्ता मुद्दाम शोधूनही सापडायचा नाही. बदली म्हणून पेज लावली. माईंनी पेजेची वाटी चार दिवस परत पाठवली आणि वजन ४२ वर आलं. सत्तर वर्षं सकाळी पोहे खाल्लेल्या बाईसमोर शेजारच्या पानात पोहे, आणि तिच्यासमोर पेज. मी आहार सुरक्षित केला आणि तिला उपाशी ठेवलं.

मार्ग महाराजांनी काढला. "ताई, दहीपोहे चालतील का?" चालणार होते, पण काळजीने. पातळ दह्याचं पाणी सुटतं, आणि तोंडात एकाच वेळी दाणा आणि पाणी आलं की दाणा सांभाळेपर्यंत पाणी पुढे पळतं. म्हणून दही फडक्यात तासभर टांगून, पातळ पोहे भरपूर भिजवून, कुस्करून. गिळण्याच्या आहाराची जी आंतरराष्ट्रीय पातळी-पद्धत आहे, ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची, तिच्यात पाचव्या पातळीवर मोठ्या माणसासाठी तुकडा ४ मिलिमीटरचा चालतो. साध्या काट्याच्या दोन दातांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. महाराजांनी स्वयंपाकघरात एक काटा खिळ्याला टांगून ठेवला आणि रोज कुस्कर त्यातून दाबून बघायला लागले.

वरण-भाताचंही तेच. आजारी माणसाला सगळ्यात निर्धोक म्हणून आपण जे देतो, ते पातळ वरण आणि मोकळा भात, म्हणजे पुन्हा दाणा आणि पाणी एकत्र. भात गुरगुट्या, वरण घट्ट, दोन्ही एकजीव. एवढ्या बदलाने दुपारचे ठसके कमी झाले, आणि ते फक्त माईंचे नव्हेत.

पातळ पदार्थ किती पातळ, हे डोळ्यांनी ठरवू नये. १० मिलीची सिरिंज भरायची, बोट काढायचं, १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. चहा सगळा वाहून जातो. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, त्याहून जास्त तिसरी. सिरिंजवरच्या ० ते १० या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, नाहीतर माप चुकतं. आमच्या औषधकपाटातली पहिली सिरिंज याच कारणाने बाद झाली. माईंनी शिकंजी मागितली होती. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची दाट असते. सुकामेवा गाळून काढल्यावर तीत ६ मिली उरले. दुसरी पातळी, म्हणजे माईंना चालेल अशी! त्या दिवशी महाराजांनी आख्ख्या केंद्राला शिकंजी पाजली.

पाणी घट्ट करायला आधी आरारूट वापरत होते. ते मी थांबवलं. लाळेतलं पाचकद्रव्य पिठूळ घट्टपणा तोंडातच पातळ करतं. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाच्या भुकटीला तसं होत नाही. पण घट्ट पाणी हा कायमचा उपायही नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५१५ रुग्णांच्या अभ्यासात हनुवटी खाली करून साधं पाणी पिणारे आणि घट्ट पाणी पिणारे यांच्यात तीन महिन्यांतल्या न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही, आणि घट्ट पाणी माणसं कमी पितात. माई दिवसभरात जेमतेम तीन वाट्या प्यायच्या.

मग एका दुपारी मी दारात उभी असताना दिसलं. सेविकेने तांब्या उचलला, माईंनी मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि वरून धार. माई आयुष्यभर असंच पाणी प्यायल्या होत्या. भांड्याला ओठ लागला की ते उष्टं. मान मागे टाकून पाण्याची धार घशात सोडणं म्हणजे पक्षाघात झालेल्या घशाला बचावाची संधीच न देणं. दोन आठवडे मी जेवणाला शेजारी बसले होते, पण जेवणाआधीचं आणि नंतरचं पाणी माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"तोंड लावून प्या" हे सांगून पटणारं नव्हतं. मुलीने घरून माईंचं जुनं पितळी फुलपात्र आणलं, तळाशी नाव कोरलेलं. हे फक्त त्यांचं, दुसरं कुणी यातून पिणार नाही, असं सगळ्यांसमोर ठरलं. माईंनी ते हातात घेतलं, नावावरून अंगठा फिरवला, आणि ओठ लावले. हनुवटी छातीकडे, एक घोट, थांबा, दुसरा घोट.

दात आणि जीभ घासण्याची पाळीही त्याच आठवड्यात लावली. लाळेबरोबर खाली जातात ते तोंडातले जंतू. जपानमधल्या ११ वृद्धसेवा केंद्रांत दोन वर्षं केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडाची नीट निगा राखलेल्यांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, न राखलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. ब्रश आणि पाच मिनिटं, एवढाच खर्च.

परिणाम

वीस सत्रांनंतर पुन्हा दुर्बीण घातली. ५ मिलीचा पाण्याचा घोट आता स्वरतंतूंच्या वरच थांबून बाहेर निघत होता, म्हणजे दुर्बिणीच्या त्या आठ पायऱ्यांच्या मापनात सातवीवरून दुसरी पायरी. सलग घटाघटा प्यायल्यास मात्र अजूनही खाली जात होता. आहार एकाच प्रकारच्या मऊ अन्नावरून वेगवेगळ्या, पण खास तयार केलेल्या पदार्थांपर्यंत आला. वजन तीन महिन्यांनी ४४.५ किलो.

देणगी देणाऱ्या मुलाला व्यवस्थापकांनी फोन करून सांगितलं की मशीनने माई बऱ्या झाल्या. मी तसं म्हणू शकत नाही. त्याच चार आठवड्यांत माईंचं पाणी पिणं बदललं, ताट बदललं, तोंडाची निगा सुरू झाली, रोज तीस घोटांचा व्यायाम झाला आणि पक्षाघातानंतरची नैसर्गिक सुधारणाही चालू असणार. यातला विजेचा वाटा वेगळा काढता येत नाही. माझा अंदाज असा की विजेने माईंना स्नायू कुठे आहे ते जाणवून दिलं, त्या ओढीवर त्यांना जोर लावता आला. हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे. मुलाला नंतर मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं, फुलपात्राचंसुद्धा. तो म्हणाला, "बाबापण वरूनच प्यायचे."

मार्चमध्ये रंगपंचमी आली. इंदुरात त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक निघते, रस्ते बंद असतात, निम्म्या सेविका येऊ शकल्या नाहीत. बदली आलेल्या बाईने माईंना भजी दिली आणि ठसका लागला म्हणून प्रेमाने तांब्याने वरून पाणी पाजलं. दोन दिवसांनी ताप, चार दिवस रुग्णालय. माई परत आल्या, पण वजन सव्वा किलोने उतरलं.

काकू मे महिन्यात गेल्या. नळी नव्हती, हात मोकळे होते. आदल्या दिवसापर्यंत रबडीचा चमचा चालू होता.

निर्णयाच्या जागा आणि आज वेगळं काय करीन

यंत्र फुकट आलं होतं, पण पॅच आणि माझा वेळ फुकट नव्हता. तयारी धरून वीस सत्रांचे वीस तास झाले. रंगपंचमीनंतर मी हा हिशेब रात्री पुन्हा पुन्हा करत होते. त्या वीस तासांतले सहा जरी मी सगळ्या सेविकांना, बदलीवाल्यांसकट, बसवून भरवायला शिकवण्यात घातले असते, तर ते चार दिवस कदाचित टळले असते. जे शिकवलं ते मी दोघीतिघींना शिकवलं, ज्या आपणहून पुढे आल्या त्यांना. माहिती त्यांच्या डोक्यात होती आणि त्या दिवशी त्या गेरच्या पलीकडे अडकल्या होत्या. आता प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी चित्रांची पाटी आहे: मान कशी, भांडं कोणतं, घास केवढा, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. चित्रं, कारण बदलीच्या बाईला मराठी वाचता येईलच असं नाही.

"पोहे बंद" लिहिण्याआधी महाराजांना विचारायला हवं होतं. तो एक किलो मी घालवला.

आहारबदल आधी, दोन आठवडे थांबून पुन्हा तपासणी आणि मग वीज, असा क्रम ठेवला असता तर कशाचा किती उपयोग झाला हे थोडंफार कळलं असतं. मी तसं केलं नाही, कारण वजन उतरत असलेल्या बाईला थांबवून ठेवणं मला जमलं नाही. पुन्हा तीच परिस्थिती आली तर मी काय करीन, याचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे. फुलपात्र आणि ब्रश पहिल्या दिवशी, हे नक्की.

दुर्बिणीचा आग्रह धरला ते योग्यच झालं. तिच्याविना मी दही आणि पाणी दोन्ही बंद केलं असतं. पॅच हनुवटीखालीच ठेवण्याचा आणि सेविकांच्या हाती यंत्र न देण्याचा निर्णयही मी बदलणार नाही, नाराजी पत्करूनसुद्धा.

यंत्र औषधकपाटात वरच्या फळीवर आहे, चार्ज केलेलं. जूनमध्ये एक नवे आजोबा आलेत, पक्षाघाताला दोन महिने झालेले. त्यांचं जेवण मी पाहते आहे, आणि पाणीसुद्धा. दुर्बिणीची तारीख गुरुवारची मिळाली आहे. पॅच अजून मागवलेले नाहीत.